आतल्या रेपोंना हात लावणारा पीआर: अप्रूव्ह दाबण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. टीमची एक घरगुती स्क्रिप्ट आहे, रोज सकाळी सगळ्यांच्या लॅपटॉपवर आणि सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या) मशीनवर चालते, वर्कस्पेस फोल्डरमधले गिट रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवणारे फोल्डर) शोधते, प्रत्येकाला रिमोटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रतीच्या, मेन या मुख्य ब्रँचवर आणून ठेवते आणि बिल्डचा कचरा साफ करते. आतापर्यंत ती फक्त वरवरचे रेपो बघायची. आता टीममधल्या एका ज्युनियर मुलीने तिच्यात ‘नेस्टेड रेपो सपोर्ट’ घातलाय, त्याचा पीआर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) टाकलाय, साडेतीनशे ओळींचा डिफ म्हणजे बदल, टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि रिव्ह्यूला नाव आलंय तुमचं. तुम्ही स्वतः सबमॉड्यूलच्या (एका रेपोत रीतसर जोडलेला दुसरा रेपो) वाटेला कधी गेला नाहीत. कोडचे तीन तुकडे आणि टेस्ट तुम्ही दिलेत आणि विचारताय की दिसायला तर स्वच्छ आहे, अप्रूव्ह करू का, आणि काही चुकलं असेल तर तिला सांगू कसं?

नका करू. म्हणजे आज नका करू. कोड वाईट आहे म्हणून नाही हं, त्या मुलीने फंक्शन छोटी ठेवलीत, नावं नीट दिलीत, माझा पहिल्या दोन वर्षांतला कोड असा असता तर माझ्या सीनियरने पेढे वाटले असते. अडचण अशी आहे की ‘नेस्टेड रेपो’ हा शब्द पीआरच्या टायटलमध्ये आहे, डिस्क्रिप्शनमध्ये आहे, तीन फंक्शनच्या नावात आहे, पण म्हणजे नक्की काय हे कुठेच लिहिलेलं नाहीये. आणि गिटमध्ये एका रेपोच्या पोटात दुसरा रेपो असण्याचे निदान चार-पाच प्रकार आहेत, प्रत्येकाचं वागणं वेगळं. तिने त्यातला एक डोक्यात धरून कोड लिहिलाय, टेस्टही त्याच एकावर लिहिल्यात, म्हणून त्या हिरव्या आहेत.

(कमांड मी देवनागरीतच लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करा.)

तर आधी प्रकार. पहिला म्हणजे रीतसर सबमॉड्यूल. आईबाप रेपोच्या ट्रीमध्ये त्या फोल्डरच्या जागी १६०००० मोडची एक नोंद असते, तिला गिटलिंक म्हणतात, तिच्यात फक्त आतल्या रेपोच्या एका कमिटचा (नोंदवून ठेवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक असतो, बाकी काही नाही. कुठून आणायचा हे डॉट गिटमॉड्यूल्स फाइलमध्ये. ही सोय २००७ पासून आहे. आणि इथे गंमत अशी की २०११ मध्ये आलेल्या गिट १.७.८ पासून सबमॉड्यूलच्या आत डॉट गिट हा (गिटचा सगळा इतिहास ठेवणारा) फोल्डर नसतोच, ती एक छोटी टेक्स्ट फाइल असते, तिच्यात एक ओळ, ‘गिटडिर:’ आणि पुढे आईबाप रेपोच्या डॉट गिटमधल्या मॉड्यूल्स फोल्डरचा पत्ता. खरा माल तिकडे. दुसरा प्रकार म्हणजे कुणीतरी एका रेपोच्या आत सरळ दुसरा क्लोन करून ठेवलाय आणि बाहेरच्याच्या इग्नोर यादीत टाकलाय, इथे डॉट गिट खराखुरा फोल्डर असतो आणि बाहेरच्या रेपोला याचा पत्ताच नसतो. तिसरा, त्याच क्लोनवर कुणीतरी चुकून गिट ॲड (पुढच्या कमिटसाठी नोंदवणारी कमांड) मारलं. आता गिटलिंक तयार झाली पण गिटमॉड्यूल्समध्ये नोंद नाही, म्हणजे ज्याच्याकडे मूळ फोल्डर आहे त्याचं सगळं चालतं आणि बाकीच्यांना रिकामा फोल्डर मिळतो. २०१७ च्या २.१४ पासून गिट यावर चांगली लांबलचक वॉर्निंग देतं, पण वॉर्निंग वाचतं कोण. चौथा वर्कट्री, म्हणजे त्याच रेपोची दुसरी बैठक, यातही डॉट गिट ही फाइलच असते, सबमॉड्यूलसारखीच दिसते, पण हा वेगळा रेपो नाहीच. आणि पाचवा, जो सगळ्यात जास्त चावतो: इनिट न केलेलं, म्हणजे अजून प्रत्यक्ष न आणलेलं सबमॉड्यूल. फोल्डर आहे, आत काहीही नाही. डॉट गिट फाइल नाही, फोल्डर नाही, काही नाही.

आता तुम्ही दिलेल्या पहिल्या तुकड्याकडे या. फाइंड कमांड, नाव डॉट गिट, टाइप डी, म्हणजे फक्त फोल्डर शोध. हे फक्त दुसरा आणि तिसरा प्रकार पकडणार. रीतसर सबमॉड्यूल, ज्यांच्यासाठी बहुतेक हा सगळा खटाटोप सुरू झाला असणार, ती यातून साफ सुटतात. टेस्ट का पास झाली? टेस्टमध्ये तिने एका टेंप फोल्डरमध्ये गिट इनिट केलं, आत अजून एक फोल्डर करून तिथेही गिट इनिट केलं. सापडलं, हिरवं झालं. बरं, तुम्ही म्हणाल टाइप डी काढून टाकू, फाइल असो की फोल्डर दोन्ही घेऊ. मग वर्कट्री पण यादीत येतात आणि स्क्रिप्ट एकाच रेपोला दोनदा हात लावते, कुणी हॉटफिक्ससाठी वर्कट्री काढून बसला असेल तर त्याला मेनवर नेऊन आपटायला बघते.

माझ्या मते फाइलसिस्टम चाळत बसायचंच नाही. आईबाप रेपोला विचारायचं, बाबा तुझी पोरं किती. गिट एलएस-फाइल्स, डॅश डॅश स्टेज, डॅश झेड, आणि त्यातल्या १६०००० ने सुरू होणाऱ्या नोंदी घ्यायच्या. यात पहिला, तिसरा आणि पाचवा प्रकार येतो. मग त्यातल्या कुणाची गिटमॉड्यूल्समध्ये नोंद आहे ते बघायचं, नसेल तर तो तिसरा प्रकार, त्याला हात न लावता नुसतं ओरडायचं. दुसऱ्या प्रकाराचं काय करायचं हा तांत्रिक प्रश्न नाहीच, तो तुमच्या टीमने ठरवायचाय. मी असतो तर म्हटलं असतं की जे बाहेरच्या रेपोला माहीत नाही त्याला स्क्रिप्टने शिवायचं नाही. पण काही टीम मुद्दाम असा ढाचा ठेवतात, एका छत्री फोल्डरात वीस क्लोन, तिथे उलट ठरेल.

आता दुसरा तुकडा, आणि इथे जरा बसूया. तिने प्रत्येक सापडलेल्या पाथवर गिट डॅश कॅपिटल सी पाथ, रिसेट डॅश डॅश हार्ड, ओरिजिन स्लॅश मेन असं केलंय, म्हणजे कमिट न केलेले बदल फेकून रिमोटच्या मेनसारखं करायचं. पाथची यादी तिने दोन ठिकाणांहून केलीय, एक त्या फाइंडमधून आणि दुसरी गिटमॉड्यूल्स फाइलमधून. म्हणजे गिटमॉड्यूल्समध्ये असलेलं पण इनिट न केलेलं सबमॉड्यूल या यादीत येणार. रिकामा फोल्डर. तिथे जाऊन गिट काय करतं? डॉट गिट शोधतं, मिळत नाही, म्हणून एक पायरी वर जातं, तिथे शोधतं, आणि तिथे मिळतो आईबाप रेपोचा डॉट गिट. झालं. रिसेट हार्ड आईबाप रेपोवर चाललं, आणि ते सबफोल्डरपुरतं नसतं, अख्ख्या वर्किंग ट्रीवर असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आधीच्या एका कंपनीत असताना आमच्याकडे अशीच एक सिंक स्क्रिप्ट होती आणि तिच्यातला हा बदल रिव्ह्यू मीच केला होता, अप्रूव्ह मीच केला होता, वर ‘लुक्स गुड’ पण लिहिलं होतं. दिवाळीच्या आधीचा आठवडा, एका सहकाऱ्याचं दोन दिवसांचं डेटाबेस मायग्रेशनचं काम कमिट न केलेलं, सकाळी लॅपटॉप उघडला, स्क्रिप्ट चालली, काम गायब. गडी माझ्या डेस्कजवळ येऊन नुसता उभा राहिला, शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लॉग काढला तर त्यात ‘हेड इज नाऊ ॲट’ (हेड म्हणजे रेपो आत्ता ज्या कमिटवर आहे तो) ही ओळ दोनदा, आणि दोन्हीकडे हॅश तोच, कमिट मेसेज तोच. दोन वेगवेगळे रेपो आणि कमिट एकच कसा असेल? लॉग कधी वाचला असता तर आधीच कळलं असतं, कारण इतरांच्या मशीनवर हे दोन आठवडे रोज चाललं होतं, फक्त त्यांच्याकडे उडण्यासारखं काही नव्हतं. त्याने चुकून-माकून ज्या तीन फाइल गिट ॲड केल्या होत्या त्या गिट एफएसके, डॅश डॅश लॉस्ट-फाउंड करून परत मिळाल्या, पण नावं नाहीत, नुसता मजकूर, कुठली फाइल कुठली ते त्यानेच वाचून ओळखलं. बाकीचं त्याने पुन्हा लिहिलं. कंदील लावायच्या संध्याकाळी ऑफिसात बसून.

तेव्हापासून असा पीआर आला की मी प्रत्येक गिट कमांडपाशी थांबून एकच विचारतो: ही ओळ आत्ता कुठल्या रेपोवर चालतेय, आणि तिला ते कोणी सांगितलं? ‘फोल्डर त्याचं आहे म्हणजे रेपो त्याचाच असणार’ हे उत्तर चालत नाही. सांगणारं काहीतरी कोडमध्ये दिसलं पाहिजे.

ते कसं दिसावं? त्या फोल्डरमध्ये जाऊन गिट रेव्ह-पार्स, डॅश डॅश शो-प्रीफिक्स विचारा. फोल्डर स्वतःच रेपोचं टोक असेल तर उत्तर रिकामं येतं, आईबापाच्या पोटातला साधा फोल्डर असेल तर त्याचं नाव स्लॅशसकट येतं. पण इथेही एक खाच आहे. कमांडच फेल झाली तरी स्टँडर्ड आउटपुट रिकामंच असतं! म्हणजे आउटपुट रिकामं आहे एवढंच बघितलं तर फेल झालेला केस ‘सगळं ठीक’ म्हणून पुढे सरकेल. म्हणून एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की नाही ते सांगणारा आकडा) आधी, आउटपुट नंतर. काही जण शो-टॉपलेव्हल घेऊन पाथशी स्ट्रिंग जुळवतात, ते चालतं, पण मॅकवर टीएमपी फोल्डर हा प्रायव्हेटच्या आतल्या टीएमपीला लावलेला सिमलिंक, म्हणजे नुसता दुवा आहे, गिट खरा पाथ सांगतं, तुमच्याकडे सिमलिंकवाला असतो, आणि टेस्ट फक्त मॅकवाल्यांकडे फुटतात. अजून एक खबरदारी म्हणजे गिट सीलिंग डायरेक्टरीज हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, त्यात आईबाप रेपोचा फोल्डर दिला की गिट शोधत शोधत तिथपर्यंत वर चढत नाही. मी दोन्ही लावतो. रिसेट हार्डसारख्या कमांडला दोन कुलपं असलेली बरी.

आता याच तुकड्यातला दुसरा घोळ, जो मला खरं तर जास्त गंभीर वाटतो कारण तो बग नाही, समजुतीची चूक आहे. ओरिजिन स्लॅश मेन. सबमॉड्यूलला मेनवर न्यायचं नसतं हो. आईबाप रेपोने त्याचा एक ठरावीक कमिट पिन करून ठेवलाय, सबमॉड्यूल वापरण्याचा मुद्दाच तो आहे, की लायब्ररीचा हाच कमिट घेऊन आमचं बिल्ड चालतं, पुढचा घेऊन चालेल की नाही माहीत नाही. तुमची स्क्रिप्ट रोज सकाळी त्याला मेनवर नेणार, मग गिट सबमॉड्यूल स्टेटसमध्ये हॅशच्या आधी अधिकचं चिन्ह, आईबाप रेपो दिवसभर ‘मॉडिफाइड’ दाखवणार, आणि मग कुणीतरी घाईत गिट कमिट डॅश ए करणार आणि पिन नकळत पुढे सरकणार. पुढच्या पीआरमध्ये ‘सबप्रोजेक्ट कमिट’ अशी एका ओळीची जोडी दिसेल, एक वजा, एक अधिक, आणि रिव्ह्यू करणारा म्हणेल असेल काहीतरी.

हवंय ते गिट सबमॉड्यूल अपडेट, डॅश डॅश इनिट, डॅश डॅश रिकर्सिव्ह. हे पिन केलेल्या कमिटवर आणतं. डॅश डॅश रिमोट लावलं तर रिमोटच्या ठरलेल्या ब्रँचवर, सहसा मेनवर जातं, आणि काही टीमना तेच हवं असतं, म्हणजे ज्यांची लायब्ररी आणि ॲप एकाच चमूच्या हातात आहे आणि रोज बरोबरीने पुढे सरकतं. तुमचं कुठलं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. तिला विचारा, आणि उत्तर कोडमधल्या कॉमेंटमध्ये यायला हवं, तोंडी नको.

याला लागून एक: सबमॉड्यूल अपडेट आतल्या रेपोला डिटॅच्ड हेडवर, म्हणजे कुठल्याही ब्रँचवर नाही, थेट एका कमिटवर ठेवतं. तुमच्यातला एखादा आत जाऊन दुरुस्ती करतो, तिथेच कमिट करतो, ब्रँच काढायची राहून जाते. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टने अपडेट केलं की हेड दुसरीकडे गेला आणि त्याचा कमिट आता फक्त रीफ्लॉगमध्ये, म्हणजे हेड कुठे कुठे होता त्या नोंदवहीत. गेलेला नाही, पण ज्याला रीफ्लॉग माहीत नाही त्याच्यासाठी गेलाच. म्हणून अपडेटच्या आधी, आतला हेड कुठल्यातरी रिमोट ब्रँचमध्ये आहे का हे तपासणाऱ्या दोन ओळी हव्यात, नसेल तर तो रेपो सोडून द्यायचा आणि नाव छापायचं.

क्लीनबद्दल. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये एका ठिकाणी गिट क्लीनला एफ दोनदा दिलाय, तुमच्या लक्षात आलंय की नाही माहीत नाही, मला ते बघून पोटात गोळा आला. एका एफने गिट अनट्रॅक्ड फाइल उडवतं पण आत दुसरा गिट रेपो दिसला तर त्याला हात लावायला नकार देतं. दुसरा एफ म्हणजे ‘तो पण उडव’. तिला नक्की काय दिसलं असणार ते मी सांगतो, एका एफने ‘स्किपिंग रेपॉझिटरी’ असा मेसेज आला, तिला वाटलं अर्धवट काम होतंय, शोधलं, कुठेतरी उत्तर मिळालं की एफ दोनदा दे. आता आठवा तो दुसरा प्रकार, कुणीतरी आत क्लोन करून ठेवलेला; तो इग्नोर यादीत नसेल, किंवा यादीत असूनही कमांडला एक्स पण दिला असेल, तर तो गेलाच. त्याच्या न ढकललेल्या ब्रँचेस, स्टॅश (बाजूला ठेवलेले बदल), रीफ्लॉग, सगळं एका फटक्यात. रिसेट हार्डनंतर निदान काही फाइल परत मिळतात, इथे डॉट गिटच गेल्यावर कुठून मिळणार. हा दुसरा एफ काढल्याशिवाय मी हा पीआर मर्ज होऊ देणार नाही, एवढी एक गोष्ट अडून बसण्यासारखी आहे.

तिसरा तुकडा, गिटमॉड्यूल्स फाइल ग्रेप करून (ओळी शोधून) ‘पाथ =’ नंतरचा मजकूर कापणं. आठवड्यातून एकदा कुणीतरी असं लिहितं. ती कॉन्फिग फॉरमॅटची फाइल आहे, कोट असू शकतात, कॉमेंट असू शकतात, म्हणून गिट कॉन्फिग डॅश एफ देऊन गिटलाच वाचायला लावायचं. आणि सबमॉड्यूलचं नाव आणि पाथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्या दिवशी सारख्या असतात, मग कुणी गिट एमव्ही करून फोल्डर हलवतं, पाथ बदलतो, नाव तेच राहतं. तिच्या कोडमध्ये दोन्हीला एकच व्हेरिएबल आहे.

नावांवरून आठवलं. टेस्टमध्ये एक फोल्डर मराठी नावाचा ठेवा, ‘हिशोब’ म्हणा. गिट डीफॉल्टला अशी नावं सरळ छापत नाही, बाइट्स ऑक्टलमध्ये छापतं, नुसत्या ‘ह’चं \३४०\२४४\२७१ होतं (आकडे तिथे इंग्रजी) आणि भोवती डबल कोट. स्क्रिप्टने ते जसंच्या तसं पाथ म्हणून वापरलं तर असा फोल्डरच नाही. वर मी डॅश झेड म्हटलं ते यासाठीच, त्याने नाव जसं आहे तसं येतं आणि नावात स्पेस असली तरी तुटत नाही. आपल्याकडे क्लायंटच्या डॉक्युमेंटेशन रेपोत अशी नावं अजिबात दुर्मिळ नाहीत.

इथवरचं एकदा गोळा करतो, कारण मी भरकटतो: शोधायचं आईबापाला विचारून, हात लावण्याआधी रेपो कोणाचा ते पक्कं करायचं, पिन मोडायचा नाही, दुसरा एफ नाही, फाइल स्वतः पार्स करायची नाही. यातलं निम्मं झालं तरी पीआर बराच ताळ्यावर येईल.

आता डिफमध्ये न दिसणारं. ही स्क्रिप्ट कुणी गिट हुकमधून, म्हणजे कमिट-पुशच्या वेळी गिट स्वतः चालवतं त्या स्क्रिप्टमधून, चालवतं का ते विचारा. हुक चालवताना गिट स्वतःचे काही व्हेरिएबल सोडतं, गिट डिर, गिट इंडेक्स फाइल वगैरे, आणि हुकच्या आत तुम्ही दुसऱ्या रेपोत जाऊन कमांड दिली तरी गिट फोल्डर बघत नाही, ते व्हेरिएबल बघतं. म्हणजे तुम्ही आतल्या रेपोत उभे आहात आणि कमांड बाहेरच्यावर चालतेय. पुन्हा तोच प्रश्न, कुणी सांगितलं? सर्व्हरवरच्या पोस्ट-रिसीव्ह हुकमध्ये तर गिट डिर नुसता एक टिंब असतो, तुम्ही सीडी केलं की ते टिंब म्हणजे नवीन जागा, आणि ‘नॉट अ गिट रेपॉझिटरी’ असा बुचकळ्यात टाकणारा एरर येतो, समोर डॉट गिट दिसत असताना. उपाय गिटच्याच हुकच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे: गिट रेव्ह-पार्स, डॅश डॅश लोकल-एन्व्ह-व्हार्स जी यादी देतं ती सगळी अनसेट करायची आणि मग आत जायचं.

सीआयवर अजून एक येईल. एप्रिल २०२२ मधल्या २.३५.२ पासून फोल्डरचा मालक वेगळा असला की गिट नकार देतं, आताचा मेसेज ‘ड्युबियस ओनरशिप’, म्हणजे मालकी संशयास्पद. डॉकरमध्ये रूट म्हणून चालवलं आणि चेकआउट दुसऱ्या यूजरचं असेल की हमखास. आईबाप रेपो सेफ डायरेक्टरीत टाकला म्हणून सबमॉड्यूल आपोआप सेफ होत नाही, प्रत्येकाची नोंद वेगळी. मग लोक वैतागून चांदणी टाकतात, सगळंच सेफ. सीआयच्या फेकाऊ कंटेनरमध्ये ठीक आहे, पण ती ओळ तिने स्क्रिप्टमध्ये ग्लोबल कॉन्फिगला टाकली असेल तर ती सगळ्यांच्या लॅपटॉपवर जाते. ते नको.

सिक्युरिटी तुमच्या परिस्थितीवर आहे. सगळे रेपो घरचेच असतील तर मी फार ताणणार नाही. पण बाहेरचा कोड रिकर्सिव्ह क्लोन होत असेल तर हे लक्षात घ्या की गिटमॉड्यूल्स फाइल ही रेपो लिहिणाऱ्याच्या हातात असते, आणि खुद्द गिटने इथे वेळोवेळी मार खाल्लाय. मे २०१८ ला सबमॉड्यूलच्या नावात दोन टिंबं आणि स्लॅश घालून डॉट गिटच्या मॉड्यूल्स फोल्डरबाहेर पडता येतं असं निघालं, २.१७.१ मध्ये बुजवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यूआरएल डॅशने सुरू केला तर तो ऑप्शन म्हणून गिळला जातो असं निघालं. मे २०२४ ला कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक न करणाऱ्या डिस्कवर सिमलिंकच्या मदतीने डॉट गिटमध्ये शिरता येतं असं निघालं, म्हणजे विंडोज आणि मॅकवाले. जुलै २०२५ ला ओळीच्या शेवटच्या कॅरेज रिटर्नवरून. गिटवाले वर्षानुवर्षं हेच करतात आणि तरी निसटलं, तर आपल्या साडेतीनशे ओळींत नाव घेऊन हाताने पाथ जोडलेला दिसला की मी तिथेच कॉमेंट टाकतो, गिट सबमॉड्यूललाच करू दे.

टेस्टबद्दल एक सापळा आधीच सांगून ठेवतो. खऱ्या सबमॉड्यूलवर टेस्ट लिहायला लागली की ती लोकल फोल्डरचा यूआरएल देईल आणि गिट ‘ट्रान्सपोर्ट फाइल नॉट अलाउड’ म्हणेल. ऑक्टोबर २०२२ च्या २.३८.१ पासून ते मुद्दाम बंद आहे. टेस्टमधल्या कमांडला डॅश स्मॉल सी देऊन प्रोटोकॉल डॉट फाइल डॉट अलाउ, ऑलवेज असं तात्पुरतं करता येतं. फक्त टेस्टमध्ये. ती ओळ खऱ्या स्क्रिप्टमध्ये सरकलीय का ते डिफमध्ये शोधा, मी दोनदा पकडलीय.

तिला सांगायचं कसं, हेही विचारलंत म्हणून. सतरा कॉमेंट एकदम टाकू नका, ती घाबरेल किंवा चिडेल आणि दोन्हीत नुकसान तुमचंच. मी असा पीआर दोन भागांत तोडायला सांगतो. पहिल्यात फक्त शोधणं आणि छापणं: कुठला फोल्डर, कुठला प्रकार, पिन कुठे, हेड कुठे, आत न ढकललेलं काही आहे का. रिसेट नाही, क्लीन नाही. हे आठवडाभर सगळ्यांच्या मशीनवर चालू द्या, आणि बघा काय काय बाहेर येतं, माझा अनुभव असा की निदान एक तरी तिसऱ्या प्रकारचा अनाथ गिटलिंक सापडतो ज्याबद्दल कुणालाच माहीत नसतं. मग दुसऱ्या पीआरमध्ये हात लावणं. आणि कॉमेंट साधी ठेवा, उदाहरणार्थ मी असं लिहीन: ‘शोधण्याचा भाग छान झालाय. एक करून बघशील का, नवीन क्लोन घे, सबमॉड्यूल इनिट करू नकोस, बाहेरच्या रेपोत एका फाइलमध्ये काहीतरी बदल करून कमिट न करता ठेव, आणि मग स्क्रिप्ट चालव. काय होतं ते मला सांग.’ तिने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तो बदल गायब होताना पाहिला की वरचं सगळं तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

तोवर तुमच्यासाठी एक काम. मोठ्यातला मोठा रेपो घ्या, गिट एलएस-फाइल्स डॅश डॅश स्टेज चालवा, १६०००० च्या किती ओळी येतात आणि त्यातल्या कितींची नोंद गिटमॉड्यूल्समध्ये आहे ते मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर इथे लिहा, न जुळणारा फोल्डर कुणी आणि कधी घातला ते गिट लॉगमधून कसं काढायचं ते पुढे सांगतो.